फाटकाबाहेरची खाणावळ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात परदेशातल्या लष्करी तळांच्या फाटकाबाहेर वाढलेल्या खाणावळींवर लेख होता. ओकिनावाचा टाको राइस, कोरियाची बुदे जिगे म्हणजे किमची आणि डब्यातल्या मांसाचा रस्सा, जपानमधल्याच योकोसुकाची नेव्ही करी आणि सासेबोचा बर्गर, आणि फिलिपिन्सचं सिसिग हे पदार्थ त्यात होते. सातारा-सांगलीत घरटी फौजी असलेली गावं आहेत, त्यामुळे पत्रं भरपूर आली. बहुतेकांना पाककृती हव्यात, काहींनी करून पाहिलं आणि ते बिघडलं. निवडक प्रश्न आणि उत्तरं खाली देतो.

मुलगा जपानमध्ये नोकरीला आहे, सुट्टीत ओकिनावाला जाणार आहे. लेखातल्या जुन्या खाणावळींपैकी आज कोणत्या चालू आहेत?
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

टाको राइस जिथे जन्मला ती ‘पार्लर सेनरी’ आता नाही. किन गावात, कॅम्प हॅन्सन या अमेरिकी मरीन तळाच्या फाटकाजवळ मात्सुझो गिबो यांनी १९८४ मध्ये हा पदार्थ सुरू केला. टाकोचा खिमा मक्याच्या कुरकुरीत पुरीत भरण्याऐवजी गरम भातावर घालायचा, म्हणजे स्वस्तात पोट भरतं. सेनरी २०१५ मध्ये बंद झाली. त्याच घरची ‘किंग टाकोस’ मात्र चालू आहे आणि तिचं मुख्य दुकान किनमध्येच आहे. नहा शहरापासून मोटारीने साधारण तासाभराचा रस्ता. मुलाला सांगा, नुसता टाको राइस मागितला तर फक्त भात आणि खिमा मिळतो. चीज आणि भाजी हवी असेल तर ‘टाको राइस चीज यासाई’ म्हणायचं. एका डब्यात दोघांचं जेवण होतं, म्हणून पहिल्यांदा एकच घ्यावा.

त्याहून जुनी चव हवी असेल तर ओकिनावा शहरातलं, म्हणजे पूर्वीच्या कोझातलं, ‘चार्लीज टाकोस’ हे १९५६ पासूनचं दुकान आहे. काडेना हवाई तळ तिथून जवळ. तिथली ओळख टाकोची. नहामधलं ‘जॅक्स स्टेक हाउस’ १९५३ चं आहे. तिथे ‘ए साइन’ची पाटी अजून जपून ठेवली आहे, ती मुलाने जरूर पाहावी. ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात असताना स्वच्छतेची तपासणी पार पडलेल्या खाणावळींनाच ही पाटी मिळायची आणि ती असेल तरच सैनिकांना आत जाता यायचं. या पाटीसाठी मालकांनी स्वयंपाकघरं नव्याने बांधून घेतली. १५ मे १९७२ ला ओकिनावा जपानकडे परत गेलं आणि ही पद्धत संपली.

ओकिनावाबाहेरचं थोडक्यात: क्यूशूमधल्या सासेबो बंदरात ‘हिकारी’ हे १९५१ चं बर्गरचं दुकान चालू आहे. कोरियात उईजोंगबूचं ‘ओदेंग शिकदांग’ १९६० चं, तेही चालू आहे. सोलहून मेट्रोच्या एक नंबर मार्गाने उईजोंगबूला जाता येतं आणि त्या गल्लीत बुदे जिगेचीच दुकानं ओळीने आहेत.

तुमच्या लेखावरून टाको राइस केला. खिम्याला पाणी सुटलं, भात ओला झाला, वरचा पाला दोन मिनिटांत मेला. कुठे चुकलं?
— एक गृहिणी, सदरबझार, सातारा

ताई, तीन वेगळ्या चुका एकत्र झालेल्या दिसतात. खिम्यापासून सुरुवात करू, कारण बाकीचं त्यावर ठरतं.

आपल्याकडे खिमा धुऊन घेतात. धुतलेला खिमा स्पंजसारखं पाणी धरतो आणि कढईत पडला की ते सगळं सोडतो. मग खिमा परतला जात नाही, नुसता उकडतो. धुवायचाच असेल तर बारीक चाळणीत वीस मिनिटं निथळत ठेवा आणि नंतर मुठीने घट्ट पिळा. दुसरं म्हणजे भांडं. खोल पातेल्यात किंवा कुकरमध्ये हा खिमा कधीच जमणार नाही. रुंद लोखंडी कढई किंवा तवा घ्या, धूर येईपर्यंत तापवा, एक चमचा तेल घालून खिमा पसरा आणि तीन मिनिटं त्याला हात लावू नका. खालून तांबूस झाला की मग उलथा. अर्धा किलोपेक्षा जास्त असेल तर दोन वेळा करा.

चौघांसाठी प्रमाण असं: खिमा ५०० ग्रॅम, बारीक चिरलेला एक मोठा कांदा, लसणाच्या पाच पाकळ्या, जिरेपूड दोन चहाचे चमचे, ब्याडगी मिरचीची पूड दोन चमचे, सुका ओरेगॅनो एक चमचा, मिरपूड अर्धा चमचा, टोमॅटो केचप दोन मोठे चमचे, सोया सॉस एक मोठा चमचा, मीठ एक चमचा. खिमा तांबूस झाल्यावर कांदा-लसूण घाला, कांदा मऊ झाला की कोरडे मसाले एक मिनिट परता, मग केचप आणि सोया. मीठ शेवटी चाखून घाला, कारण सोया आणि केचप दोन्ही खारट असतात. कोंबडीचा खिमा दहा मिनिटांत होतो. बोकडाचा असेल तर तांबूस झाल्यावर अर्धी वाटी गरम पाणी घालून झाकण ठेवा, वीस ते पंचवीस मिनिटं मंद आचेवर शिजवा आणि मग झाकण काढून सगळं पाणी आटवा. मटणवाल्याला थोडी चरबी घालून दळायला सांगा. अगदी कोरड्या मांसाचा खिमा भातावर भुशासारखा लागतो.

कांदा-लसूण मसाला घालण्याचा मोह साताऱ्यात प्रत्येकाला होईल. तो घालू नका. त्यातलं खोबरं आणि गरम मसाला आले की तो आपला खिमा होतो. चांगलाच होतो, पण टाको राइस राहत नाही. हळदही नको.

आता भात. जपानी तांदूळ आखूड आणि किंचित चिकट असतो. त्याला आपल्याकडचा सगळ्यात जवळचा म्हणजे इंद्रायणी. आजरा घनसाळ चालेल. कोलम किंवा बासमती घेतला तर दाणे सुटे राहतात, खिम्याचा रस थेट तळाला जातो आणि खालचा भात ओला होतो. तुमच्याकडे बहुधा हेच झालं. इंद्रायणी धुऊन अर्धा तास भिजवा, निथळा, एका वाटीला दीड वाटी पाणी घाला. नवा तांदूळ असेल तर सव्वा वाटी पुरेल. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं झाकण उघडू नका, मग उलथन्याने भात मोकळा करून दोन मिनिटं वाफ जाऊ द्या. वाफाळत्या भातावर लगेच खिमा घातला तर तीच वाफ खाली पाणी होते.

पाला मेला तो उष्णतेने. आइसबर्ग लेट्यूस मिळाला तर उत्तम. नसेल तर कोबी केसासारखा बारीक चिरून बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि कापडात घालून पूर्ण कोरडा करा. रचना करताना भात, त्यावर खिमा, त्यावर किसलेलं चीज, त्यावर पाला, वर बिया काढलेला टोमॅटो. चीज मध्ये असण्याला कारण आहे. ते खिम्याच्या उबेने मऊ होतं आणि पाला थेट खिम्याला टेकत नाही. तिखट सॉस बाजूला द्या.

या पदार्थात खिम्याचं मांस बदललं तरी चव टिकते. भात बदलला तर टिकत नाही. तळाच्या आसपास जन्मलेल्या जवळजवळ सगळ्या पदार्थांना हे लागू आहे: डब्यातून आलेला भाग बदलता येतो, त्या गावाचा स्वतःचा भाग बदलता येत नाही.

खिम्याऐवजी सोयाबीन चालेल का?
— एक वाचक, वाई

चालेल. बारीक सोया दाणे १०० ग्रॅम, उकळत्या मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं. मग तीनदा गार पाण्यात धुऊन दर वेळी घट्ट पिळा, नाहीतर त्याचा उग्र वास जेवणभर येतो. तेल तीन चमचे घ्या, कारण सोयाला स्वतःची चरबी नसते. केचप आणि सोया सॉस दुप्पट.

बुदे जिगे करायची आहे. किमची आणि ते डब्यातलं मांस साताऱ्यात कुठून आणायचं? आणि हे शिळंपाकं एकत्र करून केलेलं असतं हे खरं का?
— एक निवृत्त सुभेदार, अपशिंगे (मिलिटरी)

सुभेदारसाहेब, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. कोरियन युद्धानंतर तिथे मांस दुर्मिळ होतं. अमेरिकी छावण्यांतून निघालेले सॉसेज, स्पॅम म्हणजे डब्यातलं मांस, हॅम असे जिन्नस आसपासच्या बाजारात यायचे. पुष्कळदा ते चोरून बाहेर यायचे, कारण तो माल विकणं बेकायदा होतं. उईजोंगबूतल्या बायकांनी तो आपल्या किमचीच्या, म्हणजे आंबवलेल्या तिखट कोबीच्या, रश्श्यात घातला. ‘ओदेंग शिकदांग’च्या हॉ गी-सुक यांनी आधी ते परतून दिलं, गिऱ्हाइकांनी भाताबरोबर काहीतरी पातळ मागितलं तेव्हा रस्सा झाला, असं तिथे सांगतात. गरिबीतून आलेला पदार्थ आहे हे खरं. आज मात्र सगळं ताजं घेऊनच करतात.

तुमच्या पिढीला कोरियाचं नाव नवं नाही. १९५३-५४ मध्ये युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय दलाचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात होते, आपल्या कोल्हापूरकडचे.

आता किमची. ऑनलाइन बाटली मिळते, पण ती बहुधा कोवळी असते. या रश्श्याला आंबलेलीच हवी. घरी करा, कोबीची चालते. एक किलो कोबीचे दोन बोटं रुंद तुकडे, ४० ग्रॅम जाडं मीठ चोळून दोन तास. एकदा धुऊन अर्धा तास निथळा. एक मोठा चमचा तांदळाचं पीठ दीडशे मिली पाण्यात शिजवून खळ करा आणि गार होऊ द्या. त्यात ब्याडगीची भरड पूड ४० ग्रॅम, ठेचलेला लसूण ३० ग्रॅम, आलं १० ग्रॅम, साखर एक चमचा, सोया सॉस दोन मोठे चमचे आणि भाजून कुटलेला सुका जवळा एक मोठा चमचा. मुळ्याच्या काड्या १५० ग्रॅम आणि कांद्याची पात घालून कोबीला चोळा. ब्याडगीच का, तर रंग भरपूर आणि तिखट कमी. संकेश्वरी किंवा लवंगी इतक्या प्रमाणात घातली तर कुणाला खाता येणार नाही. मिरचीच्या बिया काढून मगच कुटा.

बरणी पाऊण भरा, वर जागा सोडा, दाबून हवा काढा. उन्हाळ्यात एक दिवस बाहेर पुरतो, थंडीत दोन ते तीन. बुडबुडे आले आणि आंबट वास सुटला की फ्रिजमध्ये. रश्श्यासाठी त्यानंतर दोन आठवडे थांबा. वर पांढरा पातळ थर आला तर तो काढून टाकून रश्श्यात वापरता येते, पण काळी, हिरवी किंवा केसाळ बुरशी दिसली तर सगळी बरणी फेकायची.

चौघांचा रस्सा: पिकलेली किमची २५० ग्रॅम, चिकन सॉसेज २०० ग्रॅम तिरके कापून, डब्यातलं लंचन मीट २०० ग्रॅम, खिमा १०० ग्रॅम, बेक्ड बीन्स चार मोठे चमचे, टोफू २०० ग्रॅम, एक कांदा, पात, नूडल्सची एक वडी, चीजचा एक स्लाइस. लंचन मीट मिळालं नाही तर सॉसेजच वाढवा. मोठ्या शहरांतल्या गोठवलेल्या मालाच्या दुकानांत आणि सीएसडी कँटीनमध्ये अधूनमधून असे डबे येतात, तिथे विचारून ठेवा. मसाला: गोचुजांग हा कोरियन मिरचीचा आंबवलेला लगदा एक मोठा चमचा, मिरचीपूड दीड मोठा चमचा, लसूण एक मोठा चमचा, सोया एक मोठा चमचा, साखर एक छोटा चमचा. गोचुजांगला घरचा पर्याय नाही, ती बाटली विकतच घ्या. वर्षभर फ्रिजमध्ये टिकते.

सव्वा लिटर पाण्यात २० ग्रॅम सुका जवळा पंधरा मिनिटं उकळून गाळा, तेच रश्श्याचं पाणी. कोरियात यासाठी सुक्या छोट्या मासळीचं किंवा हाडांचं पाणी वापरतात. पसरट पातेल्यात सगळे जिन्नस वेगवेगळ्या कप्प्यांत मांडा, मध्ये मसाला, वरून पाणी, मोठ्या आचेवर दहा मिनिटं. नूडल्स सगळ्यात शेवटी, तेही पानं मांडून झाल्यावर. त्या तीन मिनिटांत होतात आणि दहा मिनिटांत सगळा रस्सा पिऊन टाकतात. नूडल्सच्या पाकिटातला मसाला घालायचा नाही. चीज गॅस बंद करून वर ठेवायचं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते मिठाने. किमची, सॉसेज, डब्याचं मांस, सोया, चीज सगळंच खारट. वरून चिमूटभरही मीठ नको. डब्यातलं मांस कापून एक मिनिट उकळत्या पाण्यात बुडवून काढलं तर खारटपणा आणि जादा चरबी दोन्ही उतरतात. तरी खारट झालंच तर टोफू आणि साधं गरम पाणी वाढवा. बटाटा घालून उपयोग होत नाही, तो रस्सा दाट करतो.

सोलमध्ये ‘जॉन्सन तांग’ म्हणून मिळतं ते हेच का?
— एक वाचक, इस्लामपूर

भावंड आहे, पण वेगळं. योंगसानच्या अमेरिकी छावणीच्या परिसरातला हा पदार्थ. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन १९६६ मध्ये कोरियात आले होते, त्यांच्यावरून नाव पडलं. यात किमचीऐवजी साधा कोबी असतो आणि नूडल्स नसतात. हाडांचा रस्सा आणि चीज यामुळे चव मऊ आणि दाट. किमची लावायला वेळ नसेल तर याच्यापासूनच सुरुवात करावी. लहान मुलंही खातात.

योकोसुकाची नेव्ही करी केली. रंग सुंदर आला पण कडवट झाली. शिवाय ती दुधाबरोबर खातात म्हणे?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

कडवटपणाचं कारण बहुधा तुमच्या घरातली हळद. राजापुरी हळद रंगाला फार जोरकस असते, परदेशी कृतीत लिहिलेल्या प्रमाणाने घातली तर जास्त होते. आणि ती गरम तुपात थेट पडली की काही सेकंदांत करपते. करपलेली हळद आणि करपलेली मेथी हे दोनच जिन्नस ही करी कडू करतात.

जपानी नौदलाच्या १९०८ च्या स्वयंपाकाच्या पुस्तकात या करीची कृती आहे. त्यावरूनच योकोसुकाने १९९९ मध्ये स्वतःला ‘करीचं गाव’ म्हणवून घेतलं. कृती साधी आहे: चरबीत कणीक परतायची, त्यात करी पावडर, मग रस्सा, मग मांस आणि भाज्या. आपण घरी असं करावं: तूप तीन मोठे चमचे, मैदा तीन मोठे चमचे, अगदी मंद आचेवर आठ ते दहा मिनिटं, बदामी रंग येईपर्यंत. घाई केली तर कच्च्या पिठाची चव शेवटपर्यंत जात नाही. मग गॅस बंद करून करी पावडर दीड मोठा चमचा घाला आणि अर्धा मिनिट ढवळा. घरची पावडर: धणे चार चमचे, जिरे दीड, हळद एक, मेथी पाव, मिरी अर्धा, मिरचीपूड अर्धा, दालचिनीचा बोटाच्या पेरभर तुकडा. धणे, जिरे, मिरी, दालचिनी मंद भाजा. मेथी सगळ्यात शेवटी अर्धा मिनिट. हळद भाजू नका. दळून त्यातलंच दीड मोठा चमचा घ्यायचं, उरलेलं बरणीत ठेवा.

नंतर ८०० मिली कोमट रस्सा पळीपळीने घाला आणि प्रत्येक पळीनंतर घोटा. एकदम ओतलात तर गुठळ्या होतात, त्या मग कितीही ढवळून मोडत नाहीत. गाळून घ्याव्या लागतात. वेगळ्या पातेल्यात ४०० ग्रॅम कोंबडी, दोन कांदे आणि गाजर परतून यात घाला, पंधरा मिनिटांनी बटाटे. बटाटे आधी घातले की विरघळतात आणि तळाला लागतात. पीठ असल्यामुळे ही करी खाली फार पटकन लागते, दर दोन मिनिटांनी तळ खरवडत राहा.

दुधाचं खरं आहे. योकोसुकात या करीबरोबर कोशिंबीर आणि दुधाचा ग्लास देणं हा ताटाचा भागच आहे. जपानी नौदलात आजही शुक्रवारी करी असते. जुन्या कृतीत तोंडी लावायला चटणी सांगितली आहे. सांगलीत राहून ती विकत आणू नये. एक कैरी, ५० ग्रॅम बेदाणे, ८० ग्रॅम गूळ, थोडं आलं, मीठ आणि दोन चमचे व्हिनेगर, वीस मिनिटं मंद शिजवलं की झाली.

आम्ही मुंडी, पाया नेहमी करतो. सिसिग मटणाचं होईल का?
— एक वाचक, मिरज

उत्तम होईल, आणि या पदार्थाच्या स्वभावाला धरूनही होईल. फिलिपिन्समधल्या अँजेलिस शहराजवळ क्लार्क हा अमेरिकी हवाई तळ होता. तिथल्या स्वयंपाकघरांना डुकराची डोकी नको असत, ती स्वस्तात बाहेर मिळायची. रेल्वे फाटकाजवळच्या आपल्या टपरीत लुसिया कुनानन यांनी, सगळे त्यांना आलिंग लुसिंग म्हणत, १९७४ मध्ये ती उकडून, भाजून, बारीक चिरून द्यायला सुरुवात केली. १९९१ मध्ये पिनातुबो ज्वालामुखी फुटला आणि त्याच वर्षी अमेरिकी सैन्य क्लार्कमधून गेलं. तळ गेला तरी सिसिग राहिलं.

यात तीन पायऱ्या आहेत आणि एकही गाळता येत नाही. एका बोकडाच्या मुंडीचे गाल, कान आणि जीभ घ्या, मेंदू बाजूला ठेवा. केस निखाऱ्यावर जाळून खरवडा. मीठ, तमालपत्र, मिरी आणि थोडं व्हिनेगर घातलेल्या पाण्यात कुकरच्या सहा-सात शिट्ट्या, पण कान अगदी गळून जाता कामा नये, कचकन लागायला हवा. मग कापडाने कोरडं करून निखाऱ्यावर दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजा. ओलं भाजलं तर वाफच येते, डाग पडत नाहीत. शेवटी ज्वारीच्या दाण्याएवढं बारीक चिरा. मिक्सरमध्ये फिरवलं की गिळगिळीत गोळा होतो, तो परत सुधारत नाही. लोखंडी तवा कडक तापवून त्यावर टाका, बारीक कांदा, हिरवी मिरची, एक चमचा सोया, मिरपूड. दोन मिनिटांनी उतरवून दोन कागदी लिंबं पिळा. लिंबू तव्यावर असताना पिळू नका, कडू होतं. अंडं आणि मेयोनीज नंतर आलेले प्रकार, मटणाला दोन्हींची गरज नाही. गरमच खा, गार झालं की मटणाची चरबी टाळूला चिकटते.

माझे यजमान संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर लेबनॉनला होते. तिथल्या बेकरीतली तिळाची, पाल्याची रोटी त्यांना फार आवडायची. ती कोणती, घरी कशी करू?
— एक सैनिकपत्नी, कोरेगाव

ताई, ती मनाकीश. दक्षिण लेबनॉनमध्ये इबल अस-साकी भागात १९९८ पासून भारतीय बटालियन आहे. त्या पट्ट्यात सकाळी प्रत्येक गावातल्या ‘फुर्न’मध्ये, म्हणजे भट्टीच्या बेकरीत, ही रोटी भाजतात. वर लावतात तो झातर: ओरेगॅनोच्या जातीच्या रानटी झुडपाचा वाळलेला पाला, सुमाकची आंबट पूड, भाजलेले तीळ आणि मीठ.

पीठ: मैदा ५०० ग्रॅम, कोरडं यीस्ट ७ ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम, साखर एक चमचा, तेल दोन मोठे चमचे, कोमट पाणी साधारण ३०० मिली. दहा मिनिटं मळा, दुप्पट होईपर्यंत झाका, सहा गोळे करा, आणखी पंधरा मिनिटं विसावू द्या. विसावा न दिलेला गोळा लाटताना मागे ओढतो.

झातरचं पाकीट ऑनलाइन मिळतं. घरी जुळवायचं तर सुका थाइम तीन मोठे चमचे, ओरेगॅनो एक, हलके भाजलेले तीळ दोन, आमचूर दीड चमचा, मीठ अर्धा चमचा. सुमाकची आंबटाई आमचुराने बरीच साधते. हे सहा ते सात मोठे चमचे ऑलिव्ह तेलात कालवा, चमच्यावरून सावकाश ओघळेल असं. कोरडं राहिलं तर भट्टीत पाला करपतो, सगळी रोटी कडू. पाव इंच जाड लाटा, बोटांनी खळगे पाडा म्हणजे तेल काठावरून वाहत नाही. ओव्हन जेवढा तापतो तेवढा, २५० अंशाला सात-आठ मिनिटं, ट्रे आधीच आत तापवलेला हवा. ओव्हन नसेल तर जाड बिडाचा तवा, मध्यम आच, वर उलटी कढई. पाच मिनिटं. खालून डाग पडतील, वरून पांढरी राहील, ते चालतं. बरोबर काकडी, टोमॅटो, पुदिना आणि घट्ट चक्का.

कराडला कॉलेजसमोर टाको राइसचा गाडा टाकायचा विचार आहे. प्रमाणाचा हिशेब कसा धरू?
— एक तरुण वाचक, मलकापूर, कराड

ताटाला शिजलेला भात २२० ग्रॅम, तयार खिमा ७० ग्रॅम, चीज १५, पाला ३०, टोमॅटो ३०. एक किलो इंद्रायणीचा साधारण अडीच किलो भात होतो, म्हणजे अकरा ताटं. एक किलो कोंबडीचा खिमा पाणी आटल्यावर सुमारे पाऊण किलो उरतो. कांदा आणि केचप धरून पुन्हा किलोच्या जवळ जातो, म्हणजे चौदा ताटं. हे आकडे आधी घरी एकदा स्वतः वजन करून पडताळा, कारण खिमा आणि तांदूळ दुकानागणिक बदलतात. दर त्यावरून काढा, शेजारच्या गाड्यावरून नाही.

धोका भातात आहे, खिम्यात कमी. शिजलेला भात कोमट स्थितीत तासन्‌तास राहिला की त्यात विषबाधा करणारे जंतू वाढतात आणि परत गरम केल्याने त्यांचं विष जात नाही. म्हणून भात एकदम सकाळी करून ठेवू नका. दर दोन तासांनी ताजा लावा आणि मधल्या वेळात ६० अंशांच्या वर गरम डब्यात ठेवा. उरलेला भात दुसऱ्या दिवशी विकायचा नाही. खिमाही तसाच गरम. पाला, टोमॅटो, चीज बर्फाच्या पेटीत, पण बर्फाचं पाणी पाल्याला लागता कामा नये, जाळी ठेवा. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आणि नगरपालिकेची परवानगी गाडा लागण्याआधी घ्या.

पार्सल मागणाऱ्यांना पाला आणि टोमॅटो वेगळ्या पिशवीत द्या. किनच्या दुकानांसारखा सगळा एकत्र डबा साताऱ्याच्या एसटीत तासभर टिकणार नाही.